भामरे आणि बाराशे मिलिमीटर

आमच्या शेजारचे भामरे कुठल्याही खुर्चीवर बसण्याआधी ती हलवून बघतात. घरची असो, लग्नाच्या मांडवातली असो की दातांच्या डॉक्टरांकडची. चारही पाय जमिनीला टेकलेत अशी खात्री झाली, की मगच स्वतः टेकतात. एकदा मी त्यांना आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला बोलावलं. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी गृहस्थ सरळ व्यासपीठावर गेले, प्रमुख पाहुण्यांची मोठी खुर्ची हलवली, 'च्च' केलं आणि तिच्या हातावर लाल कागदाची चिठ्ठी चिकटवून खाली आले. चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'रिजेक्ट'. पाहुणे त्या चिठ्ठीवर कोपर टेकवून दोन तास बसले. बक्षीस समारंभाच्या सगळ्या फोटोंत ती चिठ्ठी आहे, आणि आमच्या हेडबाई अजून मला त्याबद्दल ऐकवतात.

दौलत भामरे सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होते. लोखंडाच्या बारक्या बारक्या वस्तू मोजायच्या, बरोबर असतील त्या पुढे सोडायच्या, चुकलेल्यांना लाल चिठ्ठी लावायची, हे त्यांचं काम. त्यांच्याकडे एक गेज असायचं. दोन टोकांचा गुळगुळीत लोखंडी तुकडा. एक टोक भोकात गेलं पाहिजे, ते 'गो'. दुसरं जाता कामा नये, ते 'नो-गो'. यापलीकडे जगात तिसरं काही असतं हे भामरेंना मान्य नव्हतं. दारावर भाजीवाली आली की वांगी हातात घेऊन 'गो, गो, नो-गो, गो' असं पुटपुटत टोपलीतून निवडायचे. त्यांच्या मेहुणीला बघायला स्थळ आलं तेव्हा मुलगा चहा पीत असतानाच आतल्या खोलीत जाऊन 'नो-गो' सांगून आले होते. लग्न तरीही झालं. भामरे आजही त्या साडूंना फार जवळ येऊ देत नाहीत.

मी त्यांच्या भिंतीला भिंत लावून, आईबरोबर राहणारी. गणित शिकवते, त्यामुळे जीभ जरा तिखट आहे. माझं नाव भामरेंना पक्कं ठाऊक आहे, पण इतक्या वर्षांत त्यांनी ते कधी वापरलं नाही. मी त्यांची 'मास्तरीणबाई'. त्यांच्या घरात सुनंदावहिनी, मुलगी स्वाती आणि धाकटा मयूर. भामरे मूळचे सटाण्याकडचे. एरवी आमच्यासारखंच बोलायचे, पण फार चिडले किंवा आतून हलले, की अहिराणी बाहेर पडायची. चिडताना मी ती पुष्कळदा ऐकली होती.

नव्वदीच्या मधल्या कुठल्याशा वर्षी कंपनीतल्या कोणीतरी भामरेंच्या हातात एक रंगीत पत्रक ठेवलं. 'रंगबहार रिसॉर्ट.' घाट उतरून मुंबईच्या बाजूला गेलं की डोंगराच्या पायथ्याशी उभारलेलं नवंकोरं, अवाढव्य पार्क. पाण्याच्या घसरगुंड्या, भुताचा बंगला, राहायला खोल्या, आणि सगळ्यांच्या वर उलटंसुलटं जाणारं 'तुफान' नावाचं रोलर कोस्टर. मुलांनी चित्रं बघितली. वहिनींनी खोल्यांचे पडदे बघितले. भामरेंनी पत्रक उलटं करून मागचा बारीक मजकूर वाचला आणि म्हणाले, "तुफानला किमान उंची एकशेवीस सेंटिमीटर. म्हणजे बाराशे मिलिमीटर. मयूर, इकडे ये."

मयूर तेव्हा दुसरीत होता आणि अंगाने फारच लहानखुरा. एक हजार पंच्याऐंशी भरला.

"नो-गो," भामरे म्हणाले. "थांबावं लागेल."

"अहो, मग तो लहान पाळण्यात बसेल," वहिनी म्हणाल्या. "घसरगुंडीवर खेळेल. जाऊन तर येऊ."

"नाही. बसायचं तर चौघांनी एकदम बसायचं. खाली कोणी उभं राहायचं नाही."

हे वाक्य पुढच्या दोन वर्षांत मी किती वेळा ऐकलं असेल त्याला गणती नाही. म्हणताना ते बोटाने टेबलावर दोनदा ठकठक करायचे. मी एकदा विचारलं, "का हो, पाच मिनिटं खाली उभं राहिलं तर पोराला काय खोक पडणार आहे?" त्यावर म्हणाले, "मास्तरीणबाई, प्रोसेस आहे ती." प्रोसेस हा शब्द आला की पुढे बोलायची सोय नसे.

मग तयारी सुरू झाली. भामरेंनी प्लायवुडची फळी आणून त्यावर पत्रकातला नकाशा मोठा करून चिकटवला. कारखान्यात एखादी वस्तू कुठल्या मशीनवरून कुठल्या मशीनवर जाईल याचा जसा तक्ता असतो तसा तक्ता खाली काढला. ऑपरेशन दहा: फाटकातून प्रवेश. ऑपरेशन वीस: लघवी. ऑपरेशन तीस: तुफान. नकाशावर चार रंगांच्या टाचण्या, घरातल्या एकेकाच्या नावाची एकेक. बाजूला पाचवी, काळी.

"ही काळी कोण?" मी विचारलं.

"स्पेअर."

"म्हणजे?"

"तुम्ही. स्पेअर असल्याशिवाय कुठलीही लाइन चालू करायची नसते."

मला भारी वाटलं, खोटं कशाला बोलू. शेजाऱ्याने आपल्या कुटुंबाच्या सहलीत आपली टाचणी टोचावी याचं कौतुक मी आईलाही सांगितलं. स्पेअरचं नक्की काम काय, हे विचारायचं मात्र राहून गेलं.

"ट्रायल घेतल्याशिवाय माल बाहेर जात नाही," हे भामरेंचं दुसरं लाडकं वाक्य. पहिली ट्रायल चक्करची. एका रविवारी सकाळी त्यांनी आम्हा चौघांना झणझणीत मिसळ खाऊ घातली, लगेच एका रिक्षात कोंबलं आणि रिक्षावाल्याला म्हणाले, "सर्कलला सात फेऱ्या मार. मधे थांबायचं नाही."

"जायचं कुठे पण?" रिक्षावाला म्हणाला.

"कुठेच नाही."

तो बिचारा दर फेरीला मागे वळून बघत होता. चौथ्या फेरीला चौकातला हवालदार शिट्टी वाजवायला लागला. सातवी फेरी संपली तेव्हा वहिनी ठणठणीत, स्वाती ठणठणीत, मयूर 'अजून एक, अजून एक' म्हणतोय, आणि मी रस्त्याच्या कडेला लिंबाच्या झाडाला धरून मिसळ परत करतेय. भामरेंनी शांतपणे वही काढून लिहिलं: 'स्पेअर: नो-गो. राइडसाठी वापरू नये.'

दुसरी ट्रायल रांगेची. पार्कात तासतासभर रांगा असतात असं त्यांनी ऐकलं होतं. म्हणून टेलिफोनचं बिल भरायच्या शेवटच्या दिवशी दोन्ही मुलांना घेऊन ते भर उन्हात सव्वा तास रांगेत उभे राहिले. खिडकीशी पोचल्यावर आतल्या बाईंनी हात पुढे केला. "बिल?"

"बिल नाही. ट्रायल होती," भामरे म्हणाले आणि मुलांना घेऊन परत फिरले. त्यांच्याकडे तेव्हा फोनसुद्धा नव्हता.

पण या सगळ्या खटाटोपाची खरी नाडी होती मयूरच्या उंचीत. घराच्या पुढच्या दाराच्या आतल्या बाजूला, चौकटीला भामरेंनी एक लांब स्टीलची पट्टी स्क्रूने पक्की केली होती, अगदी जमिनीपासून वर. बाराशेवर लाल रंगाची रेघ. दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी, अंघोळीच्या आधी, मयूर पट्टीला पाठ लावून उभा राहायचा. डोक्यावर सुताराचा काटकोनी गुण्या ठेवून भामरे आकडा वाचायचे. एकदा वाचायचे, मयूरला बाजूला करायचे, पुन्हा उभं करायचे, पुन्हा वाचायचे. दोन आकडे जुळले की मग वहीत. आमची भिंत पातळ असल्यामुळे माझ्या घरीही दर एक तारखेला आकाशवाणी व्हायची. "अकराशे बारा!" "अकराशे सोळा!" आई चहा गाळताना म्हणायची, "चार वाढला गं."

मयूरसाठी गच्चीत आडवा पाइप बसवला गेला. सकाळ-संध्याकाळ त्याला लोंबकळायचं. वहिनी त्याला नाचणीची पेज पाजायच्या. पोरगं गुणी. तक्रार न करता लोंबकळायचं, पेज प्यायचं आणि महिन्याला तीन-चार मिलिमीटरच्या वर एक रेष वाढायचं नाही. शाळेत तो आमच्याकडेच. निबंधात एकदा 'मी मोठा झालो तर' या विषयावर त्याने एकच ओळ लिहिली होती: 'मी मोठा झालो तर आम्ही रंगबहारला जाऊ.'

इकडे स्वाती आठवीतून नववीत गेली. जूनपासून तिची दहावी. वहिनींनी एका संध्याकाळी माझ्यासमोरच विषय काढला. "यंदा नाही तर मग राहिलंच म्हणायचं. पुढच्या वर्षी दहावी, मग बारावी, मग ही कुठे कॉलेजला जाईल. आपल्याबरोबर कशाला येतेय?"

भामरे फळीवरच्या टाचण्यांकडे बघत बसले. दिवाळीच्या आधी एक तारखेला मयूर अकराशे पासष्ट होता. या वेगाने लाल रेघ गाठायला त्याला वर्ष लागणार होतं, आणि एवढं गणित त्या माणसाला नक्की येत होतं. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यांची थट्टा करावीशी वाटली नाही.

दिवाळीत भामरेंच्या घरी नवी फरशी बसली. वहिनींची फार वर्षांची हौस. खालची जुनी शहाबादी उखडायच्या भानगडीत न पडता गवंड्याने तिच्यावरच सिमेंट घालून पांढऱ्या चकचकीत टाइल्स बसवल्या. आम्ही सगळे बघायला गेलो. भामरेंनी घरभर गोटी सोडून उतार तपासला आणि फरशीला 'गो' दिला. त्या आठवड्यात वहिनी मुलांना घेऊन भावाकडे नांदगावला गेल्या होत्या. परत आल्या आणि एक तारीख उजाडली.

भिंतीपलीकडून भामरेंचा आवाज आला, तोही चिरका. "बाराशे पाच!"

मी ओट्यावरून तशीच पलीकडे गेले. गुण्या लाल रेघेच्या वर होता. मयूर पट्टीला चिकटून, छाती फुगवून, श्वास रोखून उभा. वहिनी डोळे पुसत होत्या. मी म्हटलं, "एका महिन्यात चाळीस मिलिमीटर?"

"पाइप!" भामरे म्हणाले. "लोंबकळण्याचा परिणाम उशिरा दिसतो."

"नाचणी," वहिनी म्हणाल्या.

माझ्या आईचं मत पडलं, की पोरगं मामाकडे आठ दिवस राहिलं, मनसोक्त झोपलं, खाल्लं, म्हणून फुटलं. मी गणिताची शिक्षिका. मला हे पटायला नको होतं. पण त्या चौघांचे चेहरे बघून मीही म्हटलं, होतं बाई असं एखादं. संध्याकाळी भामरेंनी आळीभर पेढे वाटले. कशाचे म्हणून विचारलं की सांगायचे, "मयूर पास झाला." लोक विचारायचे, दिवाळीत कसला निकाल?

नाताळच्या सुट्टीत आम्ही निघालो. भाड्याच्या जीपचे चारही टायर भामरेंनी वाजवून बघितले. रिसॉर्टच्या खोलीत शिरल्या शिरल्या दोन खुर्च्या, एक बादली आणि बाथरूमची कडी रिजेक्ट झाली. रात्री साडेनऊला दिवे बंद. सकाळी फाटक उघडायच्या आधी आम्ही फाटकात. ऑपरेशन दहा झालं, ऑपरेशन वीस झालं, आणि ठरल्याप्रमाणे धावत न जाता भरभर चालत आम्ही तुफानपाशी सगळ्यांत आधी पोचलो.

फाटकाशी पाटी होती: 'चपला, बूट, पिशव्या बरोबर नेऊ नयेत.' भामरेंनी चौघांच्या चपला काढायला लावल्या, भिंतीशी ओळीने मांडल्या, वर पाण्याची पिशवी ठेवली आणि मला म्हणाले, "मास्तरीणबाई, तुम्ही इथे."

तेव्हा मला उलगडा झाला. दोन वर्षं मिरवलेली काळी टाचणी म्हणजे चपलांची राखण! मी त्यांना काय काय ऐकवणार होते याची मनात जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात फाटकावरचा मिशीवाला माणूस मयूरला म्हणाला, "बाळ, जरा इथे उभा राहा."

तिथे एका खांबावर लाल पट्टा रंगवलेला होता. मयूर ऐटीत जाऊन उभा राहिला. तो पट्टा आणि त्याचं डोकं यांच्यात चांगली दोन बोटं जागा उरली.

"लहान आहे हो," माणूस म्हणाला.

"तुमचा खांब चुकलाय," भामरे म्हणाले आणि त्यांनी खिशातून टेप काढला. जमिनीपासून पट्टा मोजला. बाराशे. मग मयूरला मोजलं. एकदा मोजलं, बाजूला केलं, पुन्हा मोजलं. अकराशे सदुसष्ट.

ते टेप धरून तसेच उकिडवे बसून राहिले. मग हळूच म्हणाले, "सुनंदा, फरशी."

मला क्षणभर कळलंच नाही, मग दिवाळी आठवली. जुन्या फरशीवर नवी फरशी. घराची जमीन दीड इंचाने वर आली होती, आणि चौकटीवरच्या पट्टीचं खालचं टोक टाइल्सखाली गाडलं गेलं होतं. पट्टी जागची हलली नव्हती. मयूर दीड इंच उंच पाटावर उभा राहिला होता, एवढंच. वीस वर्षं मायक्रॉनच्या चुका पकडणाऱ्या माणसाच्या हे लक्षात आलं नाही. त्या एक तारखेला भिंतीपलीकडून एकदाच आकडा ऐकू आला होता, हे मला आता आठवलं. त्यांनी तो दुसऱ्यांदा वाचलाच नव्हता.

मयूरला समजलं होतं. रडत नव्हता, पण खालचा ओठ आत घेतला होता. फाटकावरचा माणूस चांगला होता. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, "जाऊ द्या साहेब, लांबून आलात. थोड्या टाचा उचल रे बाळ."

आम्ही सगळे भामरेंकडे बघत होतो. चौघांनी एकदम बसायचं, यासाठी दोन वर्षं त्यांनी घर उलटंपालटं केलं होतं, आणि आता फक्त मान हलवायची होती.

"नाही," भामरे म्हणाले. "नो-गो म्हणजे नो-गो. आतल्या सीटचा पट्टा याच्या खांद्याला बसणार नाही. माझा पोरगा आहे तो." मग वहिनींकडे वळून म्हणाले, "तुम्ही दोघी जा. मी याच्याजवळ थांबतो."

"मी आहे ना खाली," मी म्हटलं. "मयूर माझ्याजवळ थांबेल. तुम्ही तिघं जा. मला नाहीतरी त्यासाठीच आणलंय."

शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. पण भामरेंचं लक्षच नव्हतं. स्वाती नाही नाही म्हणत होती, तिला त्यांनी जवळजवळ ढकललं. दोघी आत गेल्या. भामरे अनवाणीच मयूरशेजारी उभे राहिले.

"पप्पा, तुम्ही का नाही गेलात?" मयूर म्हणाला. "मी राहिलो असतो."

"खाली एकट्याने उभं राहायचं नसतं."

"का?"

मग त्यांनी जे सांगितलं ते मयूरला सांगितलं. मी शेजारी होते म्हणून ऐकलं.

त्यांच्या गावच्या जत्रेत दरवर्षी मोठा लाकडी पाळणा यायचा. चार थोरले भाऊ, दोन चुलत भाऊ, आणि हे सगळ्यांत धाकटे. "तू धाकला शेस, चपला सांभाय," असं म्हणून सगळे वर जाऊन बसायचे. पुढच्या वर्षी तुला बसवू म्हणायचे. पुढच्या वर्षीही हे धाकटेच असायचे. सात-आठ वर्षांचे असताना एकदा त्यांना वाटलं, आपल्याला बसायला मिळत नाही तर निदान भावांची तोंडं तरी बघू. चपलांपाशी उभं राहून नुसते तळपाय दिसत होते. म्हणून ते दहा पावलं बाजूला गेले. तिथून पाळणा खाली येताना वळायचा आणि सगळ्यांचे चेहरे दिसायचे. एक फेरी बघितली. दुसरी बघितली. परत आले तेव्हा थोरल्या भावाच्या नव्या चपलांपैकी एक गेली होती.

"मारलं?" मयूरने विचारलं.

"मारलं, त्याचं काही नाही. पण घरी वडील म्हणाले, याले जत्राले लई जावानं नही. न्यायचंच नाही. याला साध्या चपला सांभाळता येत नाहीत. मग नाहीच नेलं कधी. पुढे मोठा झालो, नोकरी लागली. एकट्याने कशाला पाळण्यात बसायचं, म्हणून राहिलंच."

मी चपलांकडे बघत राहिले. खुर्च्या हलवून बघणारा, एक आकडा दोनदा वाचणारा हा माणूस मी बारा वर्षं चेष्टेवारी नेला होता. मला स्वतःचा राग आला.

वर घरघर सुरू झाली. भामरेंनी मयूरचा हात धरला. "चल. खालून बघायचं तर कुठून बघायचं ते मला माहितीये. मास्तरीणबाई, तुम्ही चपला बघा." तुफान जिथे शेवटच्या उतारावरून खाली येऊन वळत होतं, त्या कोपऱ्यापर्यंत ते त्याला घेऊन गेले. खांब, उतार, वळण एकदा नजरेने मोजलं आणि एका जागी मयूरला उभं केलं. डबे धडधडत खाली आले. मयूर टाळ्या पिटत ओरडला, "आईचं तोंड! ताईचं तोंड बघा पप्पा!" भामरे त्याच्याहून मोठ्याने हसत होते.

दोघी खाली आल्या. वहिनींचे केस सुटले होते, डोकं गरगरत होतं, त्या बाकावर बसल्या. तिथूनच म्हणाल्या, "अहो, आता तुम्ही जा."

"नको."

"जा ना पप्पा," मयूर म्हणाला. "तिथून सगळ्यांची तोंडं दिसतात. तुमचं नाही बघितलं अजून."

भामरेंनी माझ्याकडे बघितलं. मी वर्गात बोलते त्या आवाजात म्हटलं, "जा म्हणतोय ना पोरगा? जा." स्वातीने त्यांचा दंड धरला आणि दोघं फाटकातून आत गेले.

"चल मयूर, त्या कोपऱ्यात," मी म्हटलं.

तो हलला नाही. चपलांच्या ओळीच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय रोवून उभा होता. "तुम्ही जा मावशी. तोंड बघा आणि मला सांगा. मी इथे थांबतो."

मी गेले. भामरेंनी दाखवलेल्या नेमक्या जागी उभी राहिले. डबे आले. स्वातीच्या शेजारी भामरे होते, डोळे टक्क उघडे, तोंड सताड, केस उभे. पंचेचाळिशीचा माणूस नव्हताच तो. सात-आठ वर्षांचा कोणीतरी होता. वळणावर त्यांनी दांडा सोडून दोन्ही हात वर केले आणि खाली, मयूर असायला हवा होता तिथे बघितलं. तिथे मी होते. मी वेड्यासारखे हात हलवले.

भामरे खाली आले. फाटकातून बाहेर पडल्या पडल्या त्यांनी विचारलं, "दिसलं का रे माझं तोंड?"

"नाही," मयूर म्हणाला. "मी चपला सांभाळत होतो. सगळ्या आहेत, मोजा. मी हललोच नाही पप्पा."

भामरे त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसले.

"हलायचं रे बेटा," ते म्हणाले. "गेली असती एखादी तर गेली असती."

मग उठले, डोळे बाहीला पुसले आणि पुन्हा फाटकाकडे निघाले. रांग आता लांबलचक झाली होती. "मी परत जाऊन येतो," ते ओरडले, "सगळे जण तिथे उभे राहा. वळणावर. मास्तरीणबाई, तुम्हीसुद्धा!"

तासाभराने त्यांचा डबा वळणावर आला. मयूर, स्वाती, वहिनी आणि मी, चौघं एका ओळीत उभे राहून हात हलवत होतो. चपला तिकडे भिंतीशी पडल्या होत्या आणि त्यांच्याजवळ कोणीही उभं नव्हतं.